इतर कारण

आत्या उभ्या जन्मात कधी खोटं बोलली नव्हती, आणि त्याचा सगळ्या घराला ताप होता. इस्पितळात नर्स होती तेव्हा रोग्याला ‘दुखेल हं’ असं आधी सांगायची आणि मगच सुई टोचायची. तिच्या भाचीला लहानपणी या सरळपणाचा फार राग यायचा. आता राग गेला होता, धाक तेवढा उरला होता.

अशा बाईने समाजमाध्यमावर टाकलेल्या फोटोवर ‘खोटी माहिती’ असा शिक्का बसला. फोटो नळाच्या गढूळ पाण्याचा, खाली एकच ओळ: पाणी उकळून प्या. दुसऱ्या दिवशी फोटो गायब, शिक्का मात्र जागेवर. शेजारीण हसत म्हणाली, वय झालं की होतं असं. आत्याने ते मनाला लावून घेतलं आणि तिची जेवणावरची वासनाच उडाली.

भाची ते माध्यम चालवणाऱ्या कंपनीतच पोस्ट तपासायच्या कामावर होती. आत्याने तिला सरळ विचारलं, “मी काय खोटं बोलले, तेवढं मला सांग.”

भाचीकडे उत्तर होतं, पण सांगण्याजोगं नव्हतं. सरकारच्या पाणीखात्याकडून कंपनीला रोज विनंत्या यायच्या. हुकूम नाही हं, विनंती. मांजराने उंदराला करावी तशी. पोस्ट काढायची तर यादीतून कारण निवडावं लागे: शिवीगाळ, हिंसा, फसवणूक, खोटी माहिती. ‘सरकारला आवडलं नाही’ हे कारण यादीत कुठून असणार? मग सगळे डोळे मिटून ‘खोटी माहिती’ दाबत. तीही दाबत आली होती. दुसऱ्यांच्या आत्यांचं तिला कधी काही वाटलं नव्हतं.

आत्या गप्प बसणारी नव्हती. तिने तोच फोटो पुन्हा टाकला, आणि या खेपेला तो नेमका भाचीच्या पडद्यावर आला, विनंतीच्या लाल खुणेसकट. नात्यातली पोस्ट सहकाऱ्याकडे सोपवायची असा नियम होता. सोपवली तर तो काय दाबणार, हे तिला ठाऊक होतं. तशीच राहू दिली तरी संध्याकाळपर्यंत कुणीतरी काढणारच. फोटो काही वाचत नव्हता. आत्याचा शब्द वाचला तर वाचला असता.

यादीच्या तळाशी ‘इतर’ होतं. तिथे कारण स्वतः लिहावं लागे, आणि ते जसंच्या तसं पोस्ट टाकणाऱ्याला जाई. एवढं लिहीत कोण बसतो, म्हणून त्याला कुणी हात लावत नसे. भाचीने लिहिलं: ‘माहिती खोटी आढळली नाही. पाणीखात्याच्या विनंतीवरून काढली आहे.’ आणि बटण दाबलं.

दुपारी साहेबांनी बोलावलं. ते ओरडले नाहीत. ओरडणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. पुन्हा असं झालं तर नोकरी राहणार नाही, एवढं त्यांनी अगदी मायेने सांगितलं. ती जागेवर परतली तोवर यादीतून ‘इतर’ गेलं होतं.

संध्याकाळी ती आत्याकडे गेली, तर आत्या पोटभर जेवत होती. आलेलं उत्तर तिने शेजारणीला दोनदा वाचून दाखवलं होतं.

“तुमच्यात एक तरी सरळ माणूस आहे म्हणायचा,” आत्या म्हणाली. “उद्या परत टाकते फोटो. त्याच्याकडेच गेला तर पुन्हा खरं लिहील ना तो?”

“लिहील,” भाची म्हणाली.

आत्याशी ती पहिल्यांदाच खोटं बोलत होती.