पाय टेकला नाही

डोंगर माणसामाणसांत भेद करत नाही. दर सप्टेंबरात, सायकल मंडळाच्या वार्षिक चढाईआधी, घाटाच्या पायथ्याशी अध्यक्ष प्लीनिओ हे वाक्य टोपी काढून म्हणत आणि मग टोपी घालून स्वतःच्या मोटारीनं वर जात. अध्यक्षांची पाठ दुखायची. शिवाय वरच्या खानावळीत पोलेंत्याचं, म्हणजे मक्याच्या घट्ट पिठल्याचं, पातेलं वेळेवर चढलं की नाही, हे कुणीतरी पाहायला हवंच होतं.

मंडळाचा नियम एकच. या चढावर ज्याचा पाय जमिनीला टेकेल त्यानं सायकल सोडायची आणि दर रविवारच्या फेरीला मंडळाची व्हॅन चालवायची. सगळ्यांच्या मागून, पहिल्या गिअरमध्ये, केळी आणि कोरडे मोजे घेऊन, दुसऱ्या कुणाचा पाय टेकेपर्यंत. सहा वर्षांपूर्वी तार्चिझिओला शेवटच्या वळणावर गांधीलमाशी चावली आणि त्याचा पाय टेकला. तोवर तो मंडळातला सगळ्यात तगडा चढणारा होता; लोक त्याला गिअरबद्दल, गुडघ्यांबद्दल, क्वचित बायकोबद्दलही सल्ला विचारत. त्यानंतर त्याला एकच प्रश्न विचारला जाई: "केळी कुठंयत?"

बोर्तोलोनंही सहा वर्षांत त्याला दुसरं काही विचारलं नव्हतं. म्हणूनच या वर्षी बोर्तोलो धास्तावला होता. जन्मभर त्यानं लोकांच्या न्हाणीघरांत गुडघ्यांवर बसून फरशा बसवल्या होत्या, आणि गुडघ्यांनी त्याच्याआधीच निवृत्ती घेतली होती. आता आठवड्यात एक रविवार तेवढा उरला होता. तोही गेला तर उरलेले सहा दिवस कशाची वाट बघत काढायचे, हे त्याला माहीत नव्हतं.

पायथ्याशी पाऊस भुरभुरत होता.

"काय रे बोर्तोलो," एल्विओ खाटीक ओरडला, "आज तू सायकलवर बसणार, की सायकल तुझ्यावर?"

"तू आधी तुझं पोट वर ने. ते पोचलं की मागनं तू ये."

सगळे हसले. तिसऱ्या वळणापर्यंत ते हसणं पुढून ऐकू येत होतं. मग चेस्टनटची झाडं संपली, धुकं उतरलं, आणि बोर्तोलोच्या सोबतीला फक्त मागून येणारे व्हॅनचे पिवळे दिवे राहिले. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या नातेवाइकासारखी व्हॅन कण्हत होती: काळजी दाखवायची, पण नजर घड्याळावर.

तार्चिझिओनं काच खाली केली. "केळं देऊ का?"

"नको."

"मोजे?"

"अरे, गप बस ना बाबा."

"बसलो. मला काय, मी बसलेलाच आहे."

वरच्या कुरणाशी रस्त्यावर गाईंनी आपली शेणाची हजेरी लावून ठेवली होती. बोर्तोलोचं पुढचं चाक तीवरून सरकलं, उजवा गुडघा अडकला, आणि काय होतंय हे कळायच्या आत त्याचा डावा बूट डांबरावर होता. व्हॅन थांबली. दिव्यांचा सगळा उजेड नेमका त्या बुटावर पडला होता. काचेवरचे वायपर इकडून तिकडे गेले, तिकडून इकडे आले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बोर्तोलोनं पाय उचलला आणि पुन्हा पेडल मारायला लागला.

खरं सांगून टाकायचं, असं त्यानं ठरवलं. पुढच्या वळणावर वाटलं, कुणी विचारलं तरच सांगू. त्याच्या पुढच्या वळणावर त्याला दम लागला, आणि दम लागलेल्या माणसाला तत्त्वं परवडत नाहीत.

खानावळीत सगळे वाफाळत्या पातेल्याभोवती हात बांधून बसले होते. शेवटचा वर येऊन त्याची विचारणा होईपर्यंत कुणी चमचा उचलायचा नाही, ही रीत होती.

"आला एकदाचा!" एल्विओ म्हणाला. "पोलेंत्याची फरशी झालीये, ये, बसव."

अध्यक्ष उभे राहिले. "पाय?"

बोर्तोलोनं तोंड उघडलं. दातांवर दात आपटत होते, शब्द काही येईना. अध्यक्ष तार्चिझिओकडे वळले, कारण व्हॅनवाल्याची साक्ष अखेरची. तार्चिझिओनं डोक्यावरचं पाणी झटकलं.

"नाही टेकला."

चमच्यांनी टेबलं बडवली गेली. बोर्तोलो ताटात बघत राहिला. पोलेंत्यावरचं चीज खारट होतं की डोळ्यांतलं पाणी, हे त्याला चवीवरून कळेना.

जेवण झाल्यावर त्यानं तार्चिझिओला व्हॅनपाशी गाठलं. "तार्ची, हे मी विसरणार नाही. माझ्यासाठी तू..."

"तुझ्यासाठी?" तार्चिझिओ दोरी गुंडाळता गुंडाळता थांबला. "किल्ल्या तुला दिल्या असत्या तर रविवारी मी काय केलं असतं? घरी बसून मेहुणीची दुखणी ऐकली असती?"

"पण तू तर सहा वर्षं नुसता कुरकुरतोयस!"

"कुरकुर करायला तरी गाडी पाहिजे ना. दोन वर्षांमागं एल्विओचे टेकले होते, चांगले दोन्ही पाय. त्याआधी आणखी दोघांचे. तुम्ही काय लोखंडाचे आहात होय?"

बोर्तोलोनं खिडकीतून आत पाहिलं. एल्विओ कुणाला तरी आजचा चढ हातवारे करून समजावत होता. सगळी मंडळी ताठ बसून ऐकत होती. बोर्तोलोला तार्चिझिओला काहीतरी विचारावंसं वाटलं, घरचं, तब्येतीचं, कसलंही. सुरुवात कुठून करतात ते आठवेना.

बाकीचे गार वारा लागू नये म्हणून जर्सीखाली वर्तमानपत्रं कोंबून शिट्ट्या मारत धुक्यात उतरले. बोर्तोलोची बोटं ब्रेकवर वळेनात. उताराबद्दल नियमात काही नव्हतं. तार्चिझिओनं त्याची सायकल टपावर बांधली आणि दार उघडलं.

"हीटर लाव ना," बोर्तोलो म्हणाला.

"मार्चपासून बंद आहे."