पायाळू कौशल्या

दुष्काळानं गेवराईकडच्या सहकारी कारखान्याचा ऊस खुजा करून टाकला होता. पण मोळीचं ओझं काही हलकं झालं नव्हतं. ट्रकवर मोळी चढवताना आश्रुबाच्या छातीपाठीत कळ आली, तेव्हा फडातले सगळे म्हणाले, उसण भरली.

त्याची बायको कौशल्या पायाळू, पायांकडून जन्मलेली. कुणाच्या पाठीत चमक निघाली की ऊसतोडीची टोळी तिच्याकडंच यायची. तिनं नवऱ्याला पालथं निजवलं अन् पाठीवर हलकीच लाथ लावली.

"बायकोची लाथ लई गुणाची बे," आश्रुबा भावाला, रामहरीला म्हणाला. उठून पुन्हा मोळ्या वाहू लागला.

दोन दिवसांनी बसल्या जागी धाप लागली. रामहरीनं मुकादमाच्या जीपमधून त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "हार्ट अटॅक येऊन गेलाय. हृदयातल्या पडद्याचं मांस मेलं, तिथं भोक पडलंय. शिवावं लागेल. पण ताजं असेल तर ते मांस चिखलासारखं असतं, टाका धरत नाही. आठवडा उलटला असेल तर लगेच शिवू. कधी दुखलं?"

भोक. कौशल्यानं आपल्या भेगाळल्या टाचेकडं पाहिलं.

ऑक्सिजनच्या मास्कखालून आश्रुबा बोलला, "आठ-धा दिस झाले, बाई. म्याच लपवलं. हिचा दोष न्हाई."

खोटं होतं ते, अन् गोड होतं. त्याच्या सावलीत तिला उरला जन्म काढता आला असता.

"न्हाई वं बाई," कौशल्या म्हणाली, "परवा दुखलं. म्या लाथ लावली पाठीत. त्यानंच पडलं का भोक?"

"लाथेनं नाही पडत, मावशी. पण तेव्हाच आणायला हवं होतं."

शिवणं लांबवून, हृदयाला यंत्राचा आधार द्यायची तयारी सुरू झाली.

"कावून सांगितलंस गं?" आश्रुबानं तिला विचारलं.

"तुमी वाचावं म्हून."

"लई शानी," तो म्हणाला अन् डोळे मिटले.

यंत्राच्या आधारानं हृदय काही दिवस चाललं. मांस निबर व्हायच्या आतच रक्तदाब ढासळला. थांबायला जागा उरली नाही. तसंच शिवायला नेलं.

टाका धरला नाही.

कौशल्यानं नवऱ्याच्या पायांवर कपाळ टेकवलं, ते उचललंच नाही. रामहरी जवळ आला. "वैनी, उठा आता."

"थांबा भाऊजी. मरता मरता माझ्यापायी खोटं बोलला ह्यो मानूस. मला भांडायचं हाय अजून."