राक्षस मरतो तेव्हा

तिने मांडीवरची पिशवी तिसऱ्यांदा उचलली आणि तिसऱ्यांदा लेकीने तिचं मनगट धरलं.

"आई, बस ना. अजून नावांच्या पाट्यासुद्धा संपल्या नाहीत."

"गुदमरतंय मला इथे."

"दार उघडं आहे. वारा येतोय."

वारा येत होता, हे खरं होतं. रविवारी सकाळी दहाचा खेळ. एवढ्या सकाळीही थिएटर गच्च भरलं होतं. माणसं घरून डबे, शिट्ट्या, कोणी तर थाळ्या घेऊन आली होती. महिन्यातून एकदा हा सिनेमा इथे लागतो आणि लोक तो किती वाईट आहे हे पाहायला येतात, असं लेकीने सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसला नव्हता. लेक आधी दोनदा चोरून येऊन गेली होती. तेही आजच कळलं.

पडद्यावर पाट्या सरकत होत्या. घोडे पुरवणाऱ्याचं नाव आलं, मिशा पुरवणाऱ्याचं नाव आलं. त्या नावावर टाळ्यांचा कडकडाट झाला. राक्षसाचं काम करणाऱ्याचं नाव मात्र आलं नाही. ते येणार नाही हे तिला एकतीस वर्षांपासून ठाऊक होतं. तरी पाट्या संपेपर्यंत ती डोळे ताणून बघत राहिली.

"पहिल्यांदाच का, मावशी?" डावीकडच्या खुर्चीतल्या माणसाने विचारलं. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, पोस्टात कारकून. बसल्याबसल्याच त्याने ही सगळी माहिती स्वतःहून दिली होती. "माझी चौदावी खेप. कुठे ओरडायचं ते मी सांगतो. घाबरू नका."

तिने मान हलवली आणि पिशवी छातीशी धरली.

सिनेमा सुरू झाला. राजाने सिंहासनावरून हात उंचावला, त्या हातात मनगटी घड्याळ होतं. "किती वाजले?" अख्खं थिएटर ओरडलं. राजवाड्याच्या खांबाला सेनापती टेकला आणि खांब मागे सरकला. नायकाची मिशी एका प्रसंगात होती, पुढच्यात नव्हती, त्याच्या पुढच्यात जाडजूड होऊन परत आली. नायिकेचं तोंड मिटल्यावरही तिचं वाक्य चालूच राहिलं. तेच तीन शिपाई चार वेळा मेले. प्रत्येक मरणाला शिट्ट्या. कारकुनाच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं. लेकही हसून खुर्चीत अर्धी वाकली होती.

तिला मात्र घाम फुटला होता. ती पाय पुढे घ्यायची, मागे घ्यायची. कधी एकदा संपतंय असं झालं होतं, आणि तो अजून यायचाच होता.

मग तो आला. हिरव्या रेक्झिनचा, दोन शिंगांचा, झाडांमागून डुलत.

"घुर्र!" थिएटर एका आवाजात म्हणालं.

तिने डोळे मिटून घेतले. हाच आवाज. नवरा शाळेत कवायतीचा मास्तर होता. उंचीमुळे त्याला सिनेमा कंपनीने राक्षसाच्या कामाला निवडलं. सिनेमा लागला, पडला, आणि पोरं रांगेतून त्याच्या पाठीमागे घुर्र करायला लागली. तीन महिन्यांत त्याने शाळा सोडली. पुढची सगळी वर्षं टायरच्या गोदामात काढली. त्या सिनेमाने माझ्या माणसाचं वाटोळं केलं, हे ती मनाशी म्हणत आली होती. त्याला जाऊन सहा वर्षं झाली, तरी म्हणत होती.

राक्षसाने पाठ फिरवली.

"दोरा! दोरा!"

"काय झालं?" तिने दचकून विचारलं.

"पाठ बघा ना मावशी." कारकून उठून बोट दाखवत होता. "हिरव्या अंगावर पांढरा दोरा! एवढे मोठाले टाके! कोणी शिवलं असेल हो हे?"

ते टाके तिचे होते. संध्याकाळी नवरा सायकलला पोतं बांधून आला होता. आतलं ते राक्षसाचं अंग काखेपासून कमरेपर्यंत फाटलं होतं, आणि सकाळी उजाडताच शूटिंगला नदीवर पोचायचं होतं. घरात हिरवा दोरा नव्हता. पाठीमागून कोण बघतंय, तो म्हणाला होता. आता चारशे माणसं बघत होती. तिचे कान तापले. ती उठलीच.

"आई!"

"तू बस. मी बाहेर थांबते."

"हा प्रसंग बघून मग जा, मावशी," कारकून हात जोडून म्हणाला. "याच्यासाठीच तर लोक येतात. बघा, कशी शांतता पसरते."

खरंच शांतता पसरली. इतका वेळ थाळ्या वाजवणारी माणसं श्वास रोखून बसली. ती दोन खुर्च्यांच्या मधे, एक हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवून, अवघडून उभी राहिली.

नायकाने भाला मारला. भाला काखेतून आरपार गेला, राक्षस तरीही मेला. नदीकाठच्या वाळूत तो उताणा पडला. नायिका धावत आली, नायकाच्या गळ्यात पडली आणि रडायला लागली. नायक लांबलचक बोलायला लागला. मागे राक्षस मरून पडला होता.

राक्षसाचं पोट हललं.

आधी थोडंसं. मग खांदे हलले. मग ते अख्खं हिरवं धूड गदगदायला लागलं, एक शिंग वाळूत रुतलं, आणि मेलेल्या राक्षसाने हळूच कूस बदलून तोंड पलीकडे केलं. छपराला भोक पडेल असं थिएटर हसलं.

ती हलली नाही. तो तसाच हसायचा. आवाज न करता, आधी पोट, मग खांदे, आणि शेवटी भिंतीकडे तोंड. या लेकीच्या जन्मानंतर दवाखान्यात, नर्सने चुकून शेजारच्या खाटेवरचं बाळ त्याच्या हातात ठेवलं तेव्हा असाच हसला होता. मुखवट्याच्या आत काय चाललंय ते या चारशेंत एकट्या तिला दिसत होतं. त्याला मजा येत होती.

तिच्या घशातून काहीतरी विचित्र आवाज निघाला. लेकीने घाबरून वर पाहिलं. आई हसत होती. पदर तोंडाशी नेऊन, खुर्चीची पाठ घट्ट धरून ती हसत होती, आणि ते थांबतच नव्हतं.

ती खाली बसली तेव्हा तिला ते जेवण आठवलं. सिनेमा पडून आठवडा झाला होता. तो पहिला घास घेऊन म्हणाला होता, "नदीवर काय झालं ठाऊक आहे का? मी मेलो, आणि तो नायक..." तिने पळी ताटात आपटली होती. त्या सिनेमाचा शब्द या घरात नको, असं म्हणाली होती. त्याच्या जखमेवर आपण फुंकर घालतोय असंच तिला वाटलं होतं. तो ताटाकडे बघत जेवला. पोरं घुर्र करतात, हे त्याने घरी येऊन सांगितलं तेव्हा रडलं कोण होतं? सोडा ती शाळा, म्हणालं कोण होतं?

सिनेमा संपला. दिवे लागले. लोक एकमेकांना घुर्र करत दाराकडे निघाले. ती तिघं बसून राहिली.

"हसलात की नाही?" कारकून डोळे पुसत म्हणाला. "एकच रुखरुख आहे बघा. आतला माणूस कोण, ते कोणालाच माहीत नाही. मी कंपनीला दोन पत्रं लिहिली. बंद पडली म्हणे."

"कवायतीचे मास्तर होते," ती म्हणाली. "माझे यजमान."

लेकीने चमकून आईकडे पाहिलं. आजवर आईने हे घराबाहेर कोणालाच सांगितलं नव्हतं. कारकून अर्धा उठला होता, तो मटकन खाली बसला.

"मग... मग त्यांना काय वाटायचं हो याचं?" त्याने हळू आवाजात विचारलं. "ते हसले तेव्हाचं काही सांगायचे का?"

लेकही पुढे सरकली. लहानपणापासून तिलाही हेच विचारायचं होतं.

"सांगत होते," ती म्हणाली. पिशवीचे बंद तिने बोटाला गुंडाळले, सोडले, परत गुंडाळले. "सुरुवात केली होती."