कोपऱ्यातली शीळ

"सोड गं, हळू सोड. फुंकणीनं निखारा जागवतो ना, तसा सोड."

लहानपणी दम लागला की आई पाठीवर हात फिरवत असं म्हणायची. लग्न ठरलं तेव्हा तोच हात नम्रताच्या तोंडावर ठेवून म्हणाली होती, "सासरी दम्याचं नाव काढू नको. माघारी धाडतील."

आई गेली, म्हणून बाळंतपण साजगावला, सासरीच झालं. औषधाचा पंप साड्यांच्या घडीत लपलेला.

आधी नुसती सर्दी होती. मग गालांची हाडं ठणकू लागली, कपाळ शिसं ओतल्यागत जड झालं. आडवं झालं की नाकातलं हिरवं-पिवळं घशात उतरायचं आणि छाती आवळून यायची. सासूबाई मोरीवर गेल्या की ती गुपचूप पंप ओढायची. आधी त्यावर अख्खा दिवस निघायचा. आता सासूबाईंची एक भाकरी थापून होईस्तोवर श्वास पुन्हा अडायचा.

खोलीची खिडकी गोधडीनं बंद. बाजेखाली शेगडी, निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं. त्या दुपारी सासूबाई, सुंदराबाई, धुरी द्यायला वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"कोण शीळ घालतंय गं?"

नम्रतानं श्वास रोखला. शीळ थांबली.

"बघ! मी बोलली का गप होते."

पण श्वास किती धरून ठेवणार? सुटला तशी शीळ पुन्हा उठली, बारीक, लांब, बांबूच्या बेटातून वारा जावा तशी.

सुंदराबाईंच्या हातातली सालं गळाली. "जना आली," त्या पुटपुटल्या. जना त्यांची नणंद. याच कोपऱ्यात, बाळंतपणात गेलेली. "जाताना अस्साच आवाज व्हता. पोराला बघायला आली बया."

बाळाला उराशी घट्ट धरून त्या कोपऱ्याकडं वळल्या. "वन्सं, तुमचं हितं आता काय नाय. जावा."

कोपऱ्यात कुणीच नव्हतं. शीळ मात्र वाढत गेली.

"थांब, धुरी वाढवते. धूर नाय सोसत त्यांना."

मूठभर ओवा निखाऱ्यांवर तडतडला. धुराचा पडदा उभा राहिला, आणि त्यात नम्रताला दिसली एक बाई. डोक्यावर पदर, छातीशी हात, पुढं वाकलेली, खांदे उचलून घास घास वारा मागणारी. नम्रता बसली होती, हुबेहूब तशीच. ती हाकलत नव्हती, बोलावतही नव्हती. नुसती श्वास मागत होती.

नम्रताच्या गळ्याची खळी आत आत ओढली जात होती. माघारी धाडलं तर जायला माहेरही उरलं नव्हतं. बाळ रडलं. तिनं सासूचा पदर धरला.

"आई... त्या नायत. ती शीळ माझी हाय."

"काय बोलतेस गं?"

"माझ्या छातीतली. मला... दमा हाय, आई. लहानपणापासनं. जनाआत्यांनाबी... हाच असंल. शेगडी भाईर काढा. गाडी बोलवा, दवाखान्यात न्या मला... पंपानं आता भागत नाय."