निळे डाग

लिओनेलच्या रागाला सगळा किनारा ओळखून होता. एकदा त्याने धक्क्यावर एका खलाशाचा दात पाडला होता. बायकोवर, रोझेलीनवर, मात्र त्याने कधी हात उगारला नव्हता. पण ते ठाऊक होतं फक्त त्या दोघांना.

त्या वसंतात खेकड्यांच्या कारखान्यात तापाची साथ आली. रोझेलीन तापाने फणफणली, बरी झाली, कामावर रुजूही झाली. मग काही दिवसांनी तिच्या दंडांवर, मांड्यांवर निळे डाग उठू लागले. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं.

"डॉक्टरला दाखवू या," लिओनेल म्हणाला.

"हंगाम संपू दे रे. खोकी उचलताना लागलं असेल."

रविवारी तिचा थोरला भाऊ ओनेझीम जेवायला आला. कोंबडीचा रस्सा वाढताना तिची बाही वर सरकली. त्याने चमचा खाली ठेवला.

"कोणी केलं हे?"

"कोणी नाही दादा. आपोआप उठतात."

"आपोआप! बाबांनी मारलं की आपली आईसुद्धा हेच सांगायची."

"उद्याच तिला दवाखान्यात नेतोय मी," लिओनेल म्हणाला.

"तू? जवळ फिरकलास तर तंगडं मोडीन!"

लिओनेलची मूठ आवळली गेली. "बघ, बघ त्याचा हात!" ओनेझीम ओरडला. मारामारी होऊ नये म्हणून रोझेलीननेच भावाच्या घरी जायला कोट चढवला. "दादा शांत झाला की येते," ती नवऱ्याच्या कानात म्हणाली.

ओनेझीम फोन घेईना. लिओनेल त्याच्या दारात गेला. "मला आत घेऊ नकोस, पण तिला डॉक्टरला तरी दाखव!" तो दारावर थापा मारून ओरडला. शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. पोलिसांनी त्याला तंबी देऊन घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाच्या घरी रोझेलीनचं डोकं दुखू लागलं. वहिनीने साधी गोळी दिली. दुपारी ती न्हाणीघरात कोसळली.

मॉन्क्टन शहरातल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी लिओनेल आणि ओनेझीम दोघांनाही समोर बसवलं. "हा मार नाही. त्या तापानंतर तिचं शरीर स्वतःच्याच प्लेटलेट मारायला लागलं. त्या नसल्या की रक्त थांबत नाही. मेंदूत रक्तस्राव झालाय."

"लवकर आणलं असतं तर?" लिओनेलने विचारलं.

बाईंनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. "औषधं सुरू झाली असती," त्या हळूच म्हणाल्या.

ओनेझीम खुर्चीतून उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. लिओनेलला वाटलं, आता आपण याला मारणार. पण तो उठून रोझेलीनच्या खोलीकडे गेला.

औषधांनी प्लेटलेट वाढल्या, डाग फिके पडले. रोझेलीनने डोळे उघडले, पण ते कुणावर ठरेनात. वाचा गेली ती गेलीच. लिओनेल तिला घरी घेऊन आला. कारखान्यातल्या बायका भेटायला यायच्या, तिच्या गालावरून हात फिरवायच्या आणि त्याच्याशी एक शब्दही न बोलता निघून जायच्या. डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्याने दोनदा समजावून पाहिलं. तिसऱ्यांदा तो बोलला नाही. त्यांच्या पाठीमागे दार लावून घेतलं आणि तिची उशी सरळ करायला आत गेला.