सारखी पानं

गेवराईच्या उन्हात घरात बिगोनिया वाढवायचा म्हणजे निव्वळ हट्ट, आणि महादेवीकडे तो भरपूर होता. जांभळ्या-रुपेरी, मधूनच काळपट लाल रेघा उमटलेल्या त्या पानांवर थेट ऊन पडलं की ती कडेनं करपतात, म्हणून माजघरातल्या खिडकीला तिनं जाड पडदा लावला होता आणि कुंडीखाली ओल्या खड्यांचं ताट ठेवलं होतं. "माझ्यावर एवढं पाणी शिंपडलं असतंस, तर मीबी रंगीत झालो असतो," असं तिचे यजमान सोमलिंग दुकानातून आले की हमखास चिडवायचे.

माघात त्यांना लकवा मारला. अंबाजोगाईच्या दवाखान्यातून जीव वाचवून परतले, पण तोंड डावीकडे ओढलेलं आणि वाचा पार गेलेली. महादेवीनं त्यांची खाट त्याच खिडकीपाशी टाकली. ज्या चिडवण्याला ती इतकी वर्षं वैतागायची, त्यातला एखादा शब्द कानावर पडावा म्हणून आता तिचा जीव तुटत होता.

बिगोनियाचं पान मुळातच वाकडं. देठाच्या एका बाजूला मोठं, दुसऱ्या बाजूला लहान. चैत्रात नवं पान उलगडलं ते मात्र दोन्हीकडे अगदी सारखं. महादेवीनं ते चिमटीत धरून पुन्हापुन्हा पाहिलं. पुढचंही तसंच आलं, त्याच्या पुढचंही. जुनी वाकडी पानं गळत गेली आणि इकडे सोमलिंगांचा ओठ हळूहळू जागेवर येत गेला. एका सकाळी तिनं चहा पुढे केला तर ते म्हणाले, "साखर कमी हाय." महादेवी तिथंच खाली बसली आणि पोटभर रडली.

उमापूरची नणंद मंजुषा भावाला बघायला आली, तेव्हा ते गाढ झोपले होते. निघताना ती म्हणाली, "वैनी, मला याचं एक पान द्या की." आनंदाच्या भरात महादेवीनं सगळ्यात देखणं पान खुडलं आणि त्याच्या शिरांना ब्लेडनं बारीक चिरा दिल्या.

"ओल्या मातीवर ठेवा, ताई. चिरांतून मुळं फुटतात. ऊन तेवढं लागू देऊ नका."

वैशाखात सोमलिंग पुन्हा दुकानात बसू लागले. गिऱ्हाइकांशी भांडूही लागले, म्हणजे माणूस पुरता बरा झाला, असं महादेवी शेजारणींना हसत सांगायची. माघानंतर पहिल्यांदाच ती रात्रीची निवांत झोपत होती.

परवा दुपारी ते जेवायला आले आणि पडद्याआडच्या गारव्यात बसून तांब्यामागून तांब्या पाणी प्यायले. त्यांच्या कानाची कड तपकिरी पडली होती.

"दुकानात लई उकडतंय का?" तिनं विचारलं.

"दुकानात न्हाई." ते हसले, ओठांच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या. "मंजुषाला फोन लाव. म्हणावं, मला तुझ्या खिडकीतून आत घे. दुपारचं ऊन सोसंना."