लांब रॉकर

लातूर वेगळा जिल्हा झाला, पण पावसानं काही नव्या जिल्ह्याची वाट धरली नाही. शिरूर अनंतपाळकडच्या एका गावाला व्यंकटी टँकरनं पाणी पोचवायचा. चढाला गाडी दमायची. तो गॅरेजवाल्या पंचाक्षरी मिस्त्रींकडं आला.

"अप्पा, गाडीची जरा ओढ वाढवा. एक खेप जास्ती झाली तर बाया दुवा देतील."

व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट बदलायचा तर अख्खं इंजिन खोलावं लागलं असतं. पंचाक्षरींनी सोपं केलं. कॅमचा धक्का व्हॉल्व्हला पोचवणारी दांडी म्हणजे रॉकर; त्याची व्हॉल्व्हकडची बाजू लांब असली, की कॅमच्या तेवढ्याच धक्क्यात व्हॉल्व्ह जास्त उघडतो. उघडा राहतो तेवढाच वेळ, पण हवा जास्त घेतो, म्हणून ओढ वाढते. त्यांनी दुसऱ्या इंजिनाचे लांब रॉकर बसवले. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये जागा किती उरते, ते मात्र मोजलं नाही. एवढ्या वर्षांचा हात, मोजायचं कशाला?

आठवडाभर गाडी चढाला भरधाव निघाली. मग एका उतारावर इंजिन फार वेगानं फिरलं, व्हॉल्व्ह वेळेत मागं सरला नाही आणि पिस्टननं त्याला ठोकलं. टँकर जागीच बसला.

गावात पाणी आलं नाही. म्हातारी कमलम्मा घागर घेऊन विहिरीत उतरली, घसरली आणि हात मोडून बसली.

चौकशीला पाणीपुरवठ्याचे साहेब आले तेव्हा पंचाक्षरी म्हणाले, "उतारावर लई पळवली ड्रायव्हरनं." खोटं नव्हतं, म्हणूनच सहज तोंडातून निघालं. व्यंकटीला कामावरून काढलं.

त्यानंतर मिस्त्रींना घास गोड लागेना. एका दुपारी ते व्यंकटीच्या घरी गेले. तो ओसरीवर बसला होता.

"अप्पा, माझाच पाय अ‍ॅक्सिलरेटरवर जड पडला. म्हातारीपुढं जायला तोंड न्हाई मला."

"तुझा पाय न्हाई रं," पंचाक्षरी म्हणाले. "रॉकर मी चुकीचे घातले. मोजलं न्हाई. आन् साहेबापुढं तुझं नाव घेतलं."

व्यंकटी उठला. मग चप्पल घालत म्हणाला, "चला. हे तिच्यापुढं बोला. साहेबापुढं बी."

दोन्ही ठिकाणी मिस्त्री बोलले. हात गळ्यात बांधलेल्या कमलम्मानं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "गाडी कधी येती?"

मिस्त्रींनी मूळचे रॉकर बसवून गाडी पदरमोड करून उभी केली. व्यंकटी पुन्हा टँकरवर बसला. चढाला गाडी पहिल्यासारखीच दमायची, पण पाणी पोचायचं. मिस्त्रींच्या दुकानावरून जाताना मात्र तो कधी थांबला नाही. त्यांनीही हाक मारली नाही.